विश्लेषण : कर्मचाऱ्यांच्या कल्पना सूचनापेटीतच का राहतात?

संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी आला, कामाच्या तासांवरून वाद झडले, कामगार संहिता लागू झाल्या. पण नोकरी करणाऱ्या माणसाला सुचलेली कल्पना तो बोलून दाखवतो की मनातच ठेवतो, हे नेमके कशावर ठरते?

हा विषय आता चर्चेत का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी ‘संशोधन, विकास आणि नवोन्मेष’ योजनेला मंजुरी दिली. खासगी कंपन्यांनी संशोधनावर अधिक खर्च करावा, यासाठी एक लाख कोटी रुपयांचा हा निधी आहे. ३ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते योजनेचा प्रारंभही झाला. कारण उघड आहे. भारताचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. जागतिक नवोन्मेष निर्देशांकात २०१५ मध्ये ८१ व्या क्रमांकावर असलेला भारत २०२५ मध्ये ३८ व्या क्रमांकावर आला, ही प्रगती खरीच. मात्र, कारखान्यात आणि कार्यालयात बसणाऱ्या माणसाच्या अनुभवात तेवढा फरक पडला आहे का, हे त्या क्रमांकावरून कळत नाही.

दुसरीकडे कामाच्या तासांचा वाद सुरूच आहे. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये ‘एल अँड टी’चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी हा आकडा ९० वर नेला. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कामाच्या दैनंदिन तासांची कमाल मर्यादा कारखान्यांसाठी ९ वरून १२ आणि दुकाने व आस्थापनांसाठी ९ वरून १० करण्यास मान्यता दिली. डिसेंबरमध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी कार्यालयीन वेळेनंतर फोन आणि ई-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक लोकसभेत पुन्हा मांडले.

एका वादात पैसे मोजले जातात, दुसऱ्यात तास. ‘साहेब, हे असे केले तर?’ एवढे वाक्य उच्चारण्याची हिंमत कर्मचाऱ्याला होते का, याचा हिशेब दोन्हींत नाही.

तेच कामगार, तोच कारखाना. मग बदलले काय?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट या गावी मिळाले. तेथे जनरल मोटर्सचा मोटार कारखाना होता. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर, व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यात सतत झगडे, हजारो प्रलंबित तक्रारी आणि गाड्यांचा दर्जा यथातथाच. कंपनीने १९८२ मध्ये कारखान्याला टाळे ठोकले.

दोन वर्षांनी तोच कारखाना जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या भागीदारीत ‘नुमी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. व्यवस्थापन टोयोटाकडे होते. नवलाची गोष्ट म्हणजे घेतलेल्या कामगारांपैकी बहुसंख्य जुनेच होते, संघटनाही तीच. ज्यांना ‘बिघडलेले’ ठरवून घरी पाठवले होते, तीच माणसे पुन्हा आत आली. काही शे जणांना प्रशिक्षणासाठी जपानमधील टाकाओका येथील टोयोटाच्या कारखान्यात पाठवले गेले. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. दोनेक वर्षांत उत्पादकतेत हा कारखाना जनरल मोटर्सच्या इतर सर्व कारखान्यांच्या पुढे गेला आणि गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्याच्या बरोबरीला पोहोचला.

कामगारांच्या सूचनांचे आकडे तर आणखी बोलके आहेत. १९८६ मध्ये सुमारे एक चतुर्थांश कामगार सूचना देत. १९९१ मध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. त्या एका वर्षात दहा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक अमलात आल्या. यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. सूचना देण्याचे आवाहन कोणीही करू शकते. दिलेल्या दहापैकी आठ सूचना प्रत्यक्षात येताना दिसल्या, तर अकरावी सूचना आपोआप येते.

हे घडले कसे? कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जात असे. काही चुकते आहे असे वाटले, की ती ओढायची. पथकप्रमुख धावत येणार, आणि ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तर आख्खी उत्पादन साखळी थांबणार. जुन्या कारखान्यात साखळी थांबवणे हा जवळपास गुन्हाच मानला जाई; दोषयुक्त गाडी पुढे ढकलायची आणि शेवटी दुरुस्त करायची, ही पद्धत होती. नव्या व्यवस्थेत थांबवणाऱ्याला शाबासकी मिळू लागली. शिवाय कामाची प्रमाणित पद्धत कागदावर उतरवण्याचे काम अभियंत्यांकडून काढून ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या पथकांकडे दिले गेले. स्वतः लिहिलेली पद्धत माणूस सुधारायलाही जातो.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी. कामगार संघटनेबरोबरच्या करारात कंपनीने लिहून दिले होते, की आर्थिक अडचण गंभीर झाल्याशिवाय कामगार कपात होणार नाही. आधी व्यवस्थापकांचे पगार कापले जातील, बाहेर दिलेली कामे आत आणली जातील. या शब्दाची परीक्षा १९८८ च्या सुमारास झाली. गाड्यांचा खप इतका घसरला की कारखान्याची क्षमता ६० टक्केही वापरली जात नव्हती. तरीही कोणाला काढले गेले नाही. रिकाम्या झालेल्या लोकांना प्रशिक्षणाला आणि सुधारणांच्या कामाला लावले गेले. सूचनांचा ओघ वाढला तो त्यानंतर, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जनरल मोटर्सने ही पद्धत लॉस एंजलिसजवळच्या व्हॅन नाइस येथील आपल्या कारखान्यात नेण्याचा प्रयत्न केला. दोरी तिथेही टांगली, पथकेही नेमली. पण साखळी थांबवलेली तिथल्या पर्यवेक्षकांना खपत नव्हती, कारण त्यांचे मूल्यमापन दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या यावरच होत होते. दोरी होती, ओढायला हात धजत नव्हता. तो कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. ‘नुमी’ २०१० पर्यंत चालला. त्याच जागेवर आज टेस्ला मोटारी बनवते.

आपल्या कारखान्यांत ही पद्धत रुजली का?

‘कायझेन’ हा शब्द पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या औद्योगिक पट्ट्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. फलक असतात, महिन्याची स्पर्धा असते, हार घालून फोटो निघतो. भारतात गुणवत्ता मंडळे १९८० च्या दशकाच्या आरंभापासून आहेत. अनेक मोठ्या कंपन्यांनी त्यातून खरोखर फायदा मिळवला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र गणित बदलले आहे. वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी ४० टक्क्यांहून अधिक कामगार आता कंत्राटी आहेत. समजा, अशा एखाद्या कामगाराच्या लक्षात आले, की सुट्या भागांची पेटी थोडी अलीकडे सरकवली तर तिघांचे काम दोघे करू शकतील. त्याने ते सांगावे का? सांगितले तर बक्षीस म्हणून भेटवस्तू मिळेल, आणि तिसरा माणूस कमी होईल. तो तिसरा बहुधा कंत्राटी असेल. कदाचित तो स्वतःच. अशा वेळी गप्प राहणे हा आळस किंवा उदासीनता नव्हे, तो सरळ व्यवहार आहे. व्यवस्थापनाच्या सभांत ‘आमच्या लोकांमध्ये मालकीची भावनाच नाही’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ज्याचा ठेका अकरा महिन्यांनी संपणार, त्याने मालकीची भावना आणायची कोठून, हे मात्र कोणी विचारत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेने कामगार कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीला मान्यता दिली. मुदतीच्या कर्मचाऱ्यांना कायम कर्मचाऱ्यांसारखेच लाभ देण्याची तरतूद स्वागतार्ह आहे. उद्योगांना लवचीकता हवी, हा युक्तिवादही पोकळ नाही. पण या लवचीकतेची एक किंमत ताळेबंदात दिसत नाही. ती म्हणजे न सांगितलेल्या सूचना.

बोलण्याची भीती मोजता येते का?

येते. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन या १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगली पथके कमी चुका करत असतील, असा त्यांचा अंदाज. आकडे उलटेच आले : चांगल्या नेतृत्वाच्या पथकांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की त्या पथकांत चुका सांगितल्या जात होत्या आणि इतरत्र त्या दडवल्या जात होत्या. यातून पुढे १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली. प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळे मत मांडले तर आपला पाणउतारा होणार नाही, ही पथकातल्या सर्वांची खात्री, असा तिचा अर्थ. गुगलने आपल्या सुमारे १८० पथकांचा अभ्यास केला, तेव्हा यशस्वी पथकांना वेगळे काढणाऱ्या घटकांत हाच पहिला ठरला. पथकात कोण किती हुशार आहे, याला तुलनेने कमी महत्त्व होते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. वरिष्ठांना ‘सर’ म्हणणे, बैठकीत ज्येष्ठांनंतर बोलणे, साहेबांची चूक चारचौघांत न दाखवणे, हे आपण शिष्टाचार म्हणून शिकतो. त्यात गैर काही नाही. अडचण होते ती बैठकीच्या सुरुवातीलाच साहेब आपले मत सांगून टाकतात आणि मग ‘आता तुम्ही मोकळेपणाने बोला’ म्हणतात तेव्हा. सर्वांत कनिष्ठाला आधी बोलू देणे, यासाठी ना निधी लागतो ना सल्लागार.

मोकळा वेळ दिला की काम भागते?

‘थ्रीएम’ या अमेरिकी कंपनीने १९४८ पासून आपल्या तंत्रज्ञांना १५ टक्के वेळ स्वतःच्या आवडीच्या प्रयोगांसाठी वापरण्याची मुभा दिली. गुगलने पुढे हाच कित्ता २० टक्क्यांच्या रूपात गिरवला. भारतीय वंशाचे संगणकतज्ज्ञ कृष्णा भारत यांची ‘गुगल न्यूज’ ही सेवा अशाच वेळेतून उभी राहिली. थ्रीएमच्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांची गोष्ट तर सर्वज्ञात आहे. स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये बनवलेला गोंद नीट चिकटतच नव्हता. तरीही ते अनेक वर्षे कंपनीत त्याबद्दल सांगत राहिले. १९७४ मध्ये आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या पुस्तकातील खुणेच्या कपट्यांसाठी तो आठवला. बाजारातली पहिली चाचणी फसली. देशभर विक्री सुरू झाली १९८० मध्ये, म्हणजे गोंद बनल्यावर बारा वर्षांनी.

कमी सांगितला जातो तो पुढचा भाग. २००१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधून आलेले जेम्स मॅकनर्नी थ्रीएमचे प्रमुख झाले. त्यांनी हजारो नोकऱ्या कमी केल्या आणि ‘सिक्स सिग्मा’ ही पद्धत कंपनीभर लागू केली. दहा लाखांत ३.४ पेक्षा जास्त दोष नकोत, असा या पद्धतीचा आग्रह. कारखान्यात तो लाभाचा ठरला, नफा वाढला. पण हीच शिस्त प्रयोगशाळेतही आली. प्रत्येक टप्प्यावर तक्ते, अहवाल, बाजारपेठेचा आगाऊ अंदाज. पंधरा टक्क्यांचा नियम कागदावर तसाच होता. त्या वेळात केलेल्या कामाचे समर्थन करत बसावे लागू लागले. गेल्या पाच वर्षांत आणलेल्या उत्पादनांचा विक्रीतील वाटा एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशावर घसरला. मॅकनर्नी २००५ मध्ये बोइंगमध्ये गेले आणि त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज बकली यांनी संशोधन विभागाला या जाचातून बरेचसे मोकळे केले.

भारतासाठी हा धडा ताजा आहे. देशात बहुराष्ट्रीय कंपन्यांची १,७०० हून अधिक जागतिक क्षमता केंद्रे असून त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात. पुणे आणि मुंबई ही त्यांतली महत्त्वाची ठिकाणे. त्यांच्या जाहिरातींत ‘नवोन्मेष’ हा शब्द असतोच. पण अभियंत्याच्या दिवसातल्या प्रत्येक तासाचा हिशेब ग्राहकाच्या बिलावर चढत असेल, तर पंधरा मिनिटेही मोकळी राहत नाहीत. मग शनिवार-रविवारी ‘हॅकेथॉन’ भरवून पिझ्झा वाटला जातो. सुट्टीचा दिवस कर्मचाऱ्याचा, कल्पना कंपनीची.

जास्त तास म्हणजे जास्त कल्पना का?

हार्वर्डच्याच टेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतील १७७ कर्मचाऱ्यांच्या रोजच्या कामाच्या नोंदी जमवल्या. नऊ हजारांहून अधिक. २००२ मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष असा, की वेळेचा ताण सर्वाधिक असलेल्या दिवशी लोकांना आपण खूप काम केले असे वाटते, पण प्रत्यक्षात त्या दिवशी नवे काही सुचण्याची शक्यता सर्वांत कमी असते. त्या दिवसाचा परिणाम पुढचे एक-दोन दिवसही रेंगाळतो. अपवाद एकच. काम खरोखर निकडीचे आहे हे पटले असेल आणि मध्ये बैठका, फोन, किरकोळ कामे यांचा व्यत्यय नसेल, तर ताणातही माणूस चांगले सुचवू शकतो.

तेव्हा ७० किंवा ९० तासांचा आग्रह धरणाऱ्यांनी नव्या कल्पनांचा दाखला देऊ नये, हे बरे. ज्या कामात आउटपुट तासाला मोजता येते, तिथे तो युक्तिवाद वेगळा.

कल्पना कोणाची, पैसा कोणाचा?

शुजी नाकामुरा हे जपानच्या तोकुशिमा प्रांतातील ‘निचिया’ या कंपनीतले अभियंता. निळा प्रकाश देणारा एलईडी बनवण्यात मोठमोठ्या प्रयोगशाळा थकल्या होत्या. निचियाचे संस्थापक नोबुओ ओगावा यांनी या तरुणावर पैसा लावला, त्याला वर्षभर अमेरिकेत शिकायला पाठवले. नंतरच्या व्यवस्थापनाने काम थांबवायला सांगितले, तरी नाकामुरा प्रयोग करत राहिले. १९९३ मध्ये कंपनीने तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला. आज आपल्या घरातला पांढरा एलईडी दिवा आणि हातातल्या मोबाइलचा पडदा त्याच शोधावर उभा आहे. पेटंटबद्दल नाकामुरा यांना मिळाले २० हजार येन, म्हणजे तेव्हाचे साधारण दोनशे डॉलर.

ते नोकरी सोडून अमेरिकेत गेले आणि त्यांनी दावा ठोकला. जानेवारी २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्यांना २० अब्ज येन देण्याचा आदेश दिला. वर्षभरात ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ मध्ये त्यांना इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. जपानी उद्योगांनी यानंतर कायदा बदलून घेतला : २०१५ च्या दुरुस्तीने शोधाचा हक्क सुरुवातीपासूनच कंपनीकडे ठेवण्याची सोय झाली, मात्र कर्मचाऱ्याला वाजवी मोबदला मिळण्याचा हक्क कायम राहिला. जर्मनीत अशा मोबदल्याचा स्वतंत्र कायदा १९५७ पासून आहे.

भारतात? १९७० च्या पेटंट कायद्यात संशोधक म्हणून नाव लावण्याची तरतूद आहे, पण नोकरीत केलेल्या शोधाचा मोबदला किती, याविषयी काहीही नाही. सगळे नियुक्तीपत्रावर. नोकरीच्या पहिल्या दिवशी सही करताना तो परिच्छेद किती जण वाचतात, याचा अनुभव प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा.

फसलेल्या प्रयत्नाचे काय, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न. टाटा समूहाच्या ‘इनोव्हिस्टा’ उपक्रमात धाडसी पण अयशस्वी ठरलेल्या प्रयत्नांसाठी ‘डेअर टू ट्राय’ हा वेगळा पुरस्कार आहे. तो मिळवण्यासाठी आपले काय फसले, हे सर्वांसमोर मांडावे लागते. बहुतेक कंपन्यांत मात्र वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात फसलेल्या प्रयोगासाठी रकानाच नसतो.

एक लाख कोटींतून हे बदलेल का?

थेट नाही. हा निधी ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’च्या अंतर्गत ठेवला जाणार असून तेथून दुसऱ्या स्तरावरील निधी व्यवस्थापकांमार्फत कंपन्यांना कमी किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज आणि नवउद्यमींना भांडवल मिळेल. पण हे साहाय्य तंत्रज्ञान सज्जतेच्या चौथ्या पातळीपासून पुढच्या प्रकल्पांना आहे. या नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीत चौथी पायरी म्हणजे घटक एकत्र जोडून प्रयोगशाळेत चाचणी झालेली. त्याआधीच्या तीन पायऱ्या, म्हणजे एखाद्या अभियंत्याच्या, फिटरच्या किंवा परिचारिकेच्या डोक्यात काही येणे, ते तिने कोणाला तरी सांगणे आणि त्या कोणीतरी ‘करून बघ’ म्हणणे, या योजनेच्या कक्षेत येत नाहीत. तो खर्च कंपनीनेच करायचा आहे, आणि त्यातला बराचसा रुपयांत नाही.